आवाज बंद करून बघा

मैत्रिणींनो, खरं सांगा, संध्याकाळच्या मालिका तुम्ही पाहता की ऐकता? मला विचाराल तर मी ऐकते. कणीक मळताना, भाजी निवडताना, वह्यांना कव्हरं घालताना टीव्ही चालू असतो आणि नजर मात्र हातातल्या कामावर. आमच्या सोलापुरात तर हजारो बायका मांडीवर सूप घेऊन बिड्या वळतात. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळून दोरा बांधायचा. दिवसाचा आकडा पुरा करायचा असतो, पडद्याकडं बघायला डोळे मोकळे कुठं असतात? पण कालच्या भागात काय झालं ते विचारा, एकूण एक सांगतील. आणि कोण चांगलं, कोण वाईट, हे तर आधी सांगतील.

माझ्या ओळखीच्या एक बाई पूर्वभागात राहतात. घरात तेलुगू बोलतात, मालिकाही तेलुगूच बघतात. मला त्या भाषेतलं 'रा' आणि 'पो' यापलीकडं काही कळत नाही. तरी त्यांच्याकडं चहाला बसले, की पाच मिनिटांत मला कळलेलं असतं, की ही निळ्या साडीतली जाऊ आगलावी आहे आणि ती कोपऱ्यात उभी असलेली पोर गरीब गाय आहे. कसं कळतं? निळी साडी दारात आली की ढण् ढण् ढण् असं काहीतरी आदळतं, कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर तीनदा जातो. कोपऱ्यातली दिसली की बासरी. तिनं अजून तोंडही उघडलेलं नसतं, पण निकाल लागलेला असतो!

आमच्या भिशीत एकदा मी एक उद्योग केला. सगळ्या जमल्या होत्या, मालिका लागली होती. मी रिमोट घेऊन आवाज बंद केला आणि म्हटलं, आता सांगा, यातली वाईट कोण? ही मालिका आमच्यापैकी कुणीच रोज बघणारी नव्हती, हे सांगायला हवं. पडद्यावर एक बाई जिन्यातून उतरत होती. मोकळे केस, बिनबाह्यांचं ब्लाऊज, खांद्याला पर्स. एक म्हणाली, "अगं, ही दमलीय की गं नुसती!" दुसरी म्हणाली, "ऑफिसातनं आली असंल. डोकं दुखतंय वाटतं." मग आवाज चालू केला. ढण् ढण्! आणि त्याच दोघी एका सुरात, "हां, हीच गं ती! बघ कशी बघतीय." चेहरा तोच होता. मधे दोन मिनिटंही गेली नव्हती. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे, आमचा भिशीतला उद्योग. पण मला त्यानं विचारात पाडलं.

यात जादू नाही. डोळ्याला दिसलेलं आणि त्याच क्षणी कानावर पडलेलं आपलं मन वेगळं ठेवत नाही, दोन्हीची एकच गाठ मारतं. दचकवलेलं असतं वाद्यांनी, पण आपल्याला वाटतं की दचकवण्यासारखं काहीतरी त्या बाईच्या चेहऱ्यावरच आहे. बरं, संगीताकडं आपलं लक्षही नसतं. म्हणूनच ते इतकं चालतं. लक्ष असतं तर आपण म्हटलं असतं, किती बदडताय ते ड्रम!

हे ज्यांना माल विकायचा असतो त्यांना फार आधीपासून ठाऊक आहे. इंग्लंडमधल्या संशोधकांनी एका सुपरमार्केटात केलेला प्रयोग १९९७ साली प्रसिद्ध झाला. दारूचं उदाहरण देते म्हणून रागावू नका, त्यांच्याकडं ती किराणामालासारखीच मांडणीवर असते. एकीकडं फ्रान्सची वाइन, शेजारी जर्मनीची, किमती साधारण सारख्या. दोन आठवडे त्यांनी एक दिवस फ्रेंच संगीत लावलं, एक दिवस जर्मन. फ्रेंच संगीताच्या दिवशी फ्रेंच बाटल्या जास्त खपल्या, जर्मन संगीताच्या दिवशी जर्मन. आणि गिऱ्हाइकांना बाहेर पडताना विचारलं, तर बहुतेकांनी सांगितलं, छे, संगीताचा काय संबंध! त्याच्याही आधी, १९८२ साली, अमेरिकेतल्या एका सुपरमार्केटचे आकडे प्रसिद्ध झाले होते. संथ संगीत लावलं की लोक सावकाश चालायचे, रेंगाळायचे, आणि विक्री जलद संगीताच्या दिवसांपेक्षा ३८ टक्क्यांनी जास्त व्हायची. लग्नसराईत साड्यांच्या दुकानात सनई का लावतात, हे आता वेगळं सांगायला नको. शालूचा पदर खांद्यावर टाकून आरशासमोर उभं राहिलं, मागं सनई असली, की पोरगी बोहल्यावर उभी दिसते आणि किमतीच्या चिठ्ठीवरचं एक शून्य दिसेनासं होतं.

टायटन घड्याळांच्या जाहिरातीची धून आठवते ना? ती मोझार्टच्या पंचविसाव्या सिंफनीतून घेतलेली. त्यानं ती १७७३ साली, वयाच्या सतराव्या वर्षी लिहिली. आपल्यातल्या कितीजणींनी मोझार्ट ऐकलाय? पण ती धून कानावर आली की आपल्याला वाढदिवस आठवतो, खोक्यातलं घड्याळ आठवतं, देणाऱ्याचे डोळे आठवतात. उलट बीथोवनची एक नाजूक पियानोची रचना तैवानमध्ये कचऱ्याच्या गाड्या वाजवत येतात. तिथल्या गृहिणीला ती ऐकून काय आठवत असेल? पिशवीला गाठ मारायची राहिलीय! सुरांना स्वतःचा असा अर्थ थोडाच असतो, बराचसा आपण शेजारी काय ठेवतो त्यावर ठरतो. आपल्याकडं हलगीचंच बघा की. जत्रेत हलगी, कुस्तीच्या फडात हलगी, वरातीत हलगी आणि मर्तिकालाही हलगी.

आणि आपले अशोक पत्की. ज्यांनी असंख्य जाहिरातींच्या जिंगल्स केल्या, १९८८ साली दूरदर्शनवर आलेल्या 'मिले सूर मेरा तुम्हारा'ला चाल दिली, त्यांनीच 'आभाळमाया'चं शीर्षकगीत केलं. ते देवकी पंडितांच्या आवाजात सुरू झालं की आपण पदराला हात पुसत बाहेरच्या खोलीत यायचो. जिंगल करणाऱ्याला ठाऊक असतं, की काही सेकंदांत बाईचं मन कुठं न्यायचं.

इथपर्यंत ठीक आहे. एखादी साडी जास्तीची घेतली जाईल, एखादा साबण. त्यानं संसार बुडत नाही. मला काळजी वाटते ती माणसांबद्दलच्या निकालांची. नोकरी करणारी, फटकन बोलणारी, केस कापलेली बाई दिसली की वर्षानुवर्षं एकाच प्रकारचं संगीत वाजवलं गेलंय. मग खरोखरची नवी सून सकाळी उशिरा उठली, किंवा पगाराचे पैसे स्वतःच्या खात्यात ठेवते म्हणाली, की आपल्या डोक्यात तसलंच काहीतरी वाजायला लागतं. तिनं काय केलं, का केलं, हे विचारायच्या आत.

आणि दुसरी बाजू याहून वाईट. मुलगी पुढं चाललीय, मुलगा मागून येतोय. ती वळून बघते, पावलं उचलते. तोही उचलतो. ती मैत्रिणींच्या घोळक्यात शिरते, तर हा वाट अडवून उभा. हे नुसतं असं सांगितलं तर कुठलीही आई म्हणेल, पोलिसात द्या मेल्याला. याच दृश्याखाली व्हायोलिन घाला, गोड गळा घाला, की त्याचं नाव प्रेम! सिनेमानं हे साठ-सत्तर वर्षं केलंय आणि आपण ती गाणी अंताक्षरीत गातो.

कॉलेजात जाणारी एक ओळखीतली मुलगी. एक मुलगा तिच्यामागं रोज बसस्टॉपपर्यंत गाडी हळू चालवत यायचा. बोलायचा नाही, हात लावायचा नाही. मोबाइलवर मोठ्यानं एक प्रेमाचं गाणं लावायचा, तेवढंच. तिच्या मैत्रिणी हसायच्या, "किती रोमँटिक गं!" ही मात्र चार महिने वेगवेगळ्या वेळेला घरातून निघायची, उन्हातान्हात लांबच्या रस्त्यानं जायची. शेवटी घरी बोलली. तिच्या वडिलांनी आणि मामांनी त्या मुलाला गाठून विचारलं तर तो खरोखर चकित झाला. मी तर काहीच केलं नाही, म्हणाला. मला वाटतं तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या डोक्यात सिनेमा चालू होता, गाण्यासकट. तिच्या कानात मागून येणाऱ्या गाडीचा आवाज होता. ते गाणं पूर्वी तिचं फार आवडतं होतं. आता कुठं लागलं तर ती उठून जाते. (असा पाठलाग हा गुन्हा आहे, हेही सांगून ठेवते. २०१३ पासून दंडविधानात त्यासाठी कलम ३५४-ड होतं; जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे. "त्यानं हात कुठं लावला?" असं कुणी विचारलं तर हे कलम सांगायचं.)

या सगळ्याचा धडा शिकायला मला लांब जावं लागलं नाही. आपल्याच जिल्ह्यात तो आहे. पुण्याला रेल्वेनं जाताना जेऊर लागतं, करमाळा तालुक्यातलं. तिथले नागराज मंजुळे. त्यांचा 'फँड्री' २०१४ च्या फेब्रुवारीत थिएटरात आला. त्यात जब्याचं घर डुक्कर धरायला धावतंय आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थांबतो, मग सगळं घर जागच्या जागी ताठ उभं राहतं, आणि हाताशी आलेलं डुक्कर निघून जातं. जी धून ऐकून आपली मान उंच व्हायची, तिच्यावर इथं घसा दाटून येतो. सूर तेच, शेजारचं चित्र बदललं.

आणि मग २९ एप्रिल २०१६ ला आलेला 'सैराट'. त्यातली आर्ची म्हणजे आपल्या अकलूजची रिंकू राजगुरू. अजय-अतुलनी त्याच्या संगीतासाठी लॉस एंजेलिसला जाऊन सोनीच्या स्टुडिओत तिथल्या मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं. तेव्हा लोक म्हणाले, एवढा खर्च कशाला? मला विचाराल तर सिनेमाचा अर्धा जीव त्यात आहे. तोवर पडद्यावर गाव आलं की ढोलकी नाहीतर तुणतुणं, आणि असली शेकडो व्हायोलिनं राखून ठेवलेली बर्फाच्या डोंगरांसाठी. इथं ती करमाळ्याच्या उसाला, विहिरीला, वाळक्या झाडाला मिळाली. रोज बघून बघून ज्याचं आपल्याला काही वाटेनासं झालं होतं ते रान एकदम भरजरी दिसायला लागलं. लोक मुद्दाम ते झाड बघायला जाऊ लागले! पारधीच्या घरच्या, मासेमारी करणाऱ्या पोराच्या प्रेमालाही तो मान मिळाला, जो पूर्वी बंगल्यातल्या नायकाला मिळायचा. आणि पाठलागाचं म्हणाल, तर इथं आर्ची खाली मान घालून पळत नाही. ती परत रोखून बघते, स्वतः बोलते, बुलेट चालवते. त्या व्हायोलिनांत तिचीही मर्जी आहे, हा फरक मला फार मोठा वाटतो.

'झिंगाट'चं काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. थिएटरात लोक पडद्यापुढं जाऊन नाचले. मग वरात, गणपती, बारसं, शाळेचं गॅदरिंग, काही सुटलं नाही. तरण्या पोरांबरोबर बाप नाचतात, काका नाचतात, मुलीचे सख्खे भाऊ नाचतात. सिनेमा कशावर आहे हे त्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. जातीबाहेर लग्न केलं म्हणून पोटच्या पोरीला मारलं, ही त्याची गोष्ट. गंमत अशी, की वर्तमानपत्रंही असा खून झाला की मथळ्यात 'सैराट' हाच शब्द घालतात. एकच शब्द, एकीकडं नाच आणि एकीकडं खून, आणि दोन्ही आपल्या घरात बिनबोभाट नांदतात. वरातीत बेभान नाचणारा एखादा भाऊ, बहिणीच्या मोबाइलवर दुसऱ्या आडनावाच्या मुलाचा फोन दिसला की काय करेल, याचा अंदाज त्या नाचावरून बांधता येत नाही.

मंजुळ्यांना हे ठाऊक असावं, असं मला वाटतं. कारण ज्यांनी एवढा वाद्यवृंद साता समुद्रापलीकडून आणला, त्यांनी शेवटी तो काढून घेतला. माहेरचे लोक आहेर घेऊन येतात, चहा होतो, आणि नंतर ते लहानगं पोर शेजारणीबरोबर परत येतं. त्यानंतर पडद्यावर आवाजच नाही. व्हायोलिन नाही, ढण् ढण् नाही, पोर रडतंय तेही ऐकू येत नाही. रक्ताची पावलं उमटत जातात. इथं रडा, इथं घाबरा, याला शिव्या द्या, असं सांगणारं कुणी उरत नाही. जे काय वाटायचं ते आपलं आपल्यालाच वाटून घ्यावं लागतं.

मी तो सिनेमा सोलापुरातच पाहिला. मध्यंतरापर्यंत शिट्ट्यांनी छत उडायचं बाकी होतं. शेवटी दिवे लागले तरी कुणी उठेना. माझ्या पुढच्या रांगेत चार-पाच बायका तोंडाला पदर लावून बसल्या होत्या, एकीच्या मांडीवर झोपलेलं मूल. तेवढ्यात कुणाचातरी मोबाइल वाजला. रिंगटोन 'झिंगाट'ची. सिनेमा येण्याआधीच गाणं घराघरांत पोचलं होतं ना! ती बाई पर्समध्ये हात घालून घाईघाईनं फोन शोधत होती, तो काही लवकर सापडेना, आणि तेवढा वेळ ते गाणं त्या गप्प थिएटरात वाजत राहिलं.