बांध कुणाचा, माती कुणाची?

चेन्नईत समाजशास्त्रात पीएचडी करताना मी मृदसंधारणावरचे शोधनिबंध ढिगाने वाचते. निष्कर्ष बहुतेकदा ठरलेला: शेतकऱ्यांमध्ये जागृती कमी आहे. पण शेतकरी म्हणजे कोण? ज्याच्या नावावर जमीन, तो. प्रश्नावली त्याच्याच ओसरीवर भरली जाते.

बांधबंदिस्तीने ओल टिकते, माती वाहून जात नाही, ज्वारी-तुरीचा उतारा वाढतो, हे खरंच. पण मातीची सुधारणा हाती यायला काही हंगाम जावे लागतात. तोंडी बोलीवर, वर्षापुरती दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याने शेणखत टाकायचं आणि जमीन सुधारली की मालकाने ती काढून घ्यायची! तो खत टाकत नाही, यात अज्ञान कुठलं? हा चोख हिशेब आहे.

महाराष्ट्रात गायरान कसणाऱ्या दलित कुटुंबांचंही तेच. 1964 मध्ये दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह उभारला. 14 एप्रिल 1990 पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय 1991 मध्ये निघाला. तरी आजही अनेकांच्या नावाचा सातबारा नाही. म्हणून पीककर्ज नाही, बांधाची योजनाही नाही.

आणि बांध घातले कुणी? 1972 च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीवर पाट्या वाहिल्या भूमिहीनांनी. त्यात आपल्यातल्या कितीतरी जणांचे आजी-आजोबा होते. मजुरी संपली, बांध मालकाच्या शेतात राहिला, वाढलेलं पीक त्याच्या खळ्यात गेलं.

चेन्नईला लागूनच चेंगलपट्टू आहे. तिथल्या दलितांची हलाखी कलेक्टर ट्रेमेनहीर यांनी 1891 च्या अहवालात मांडली. त्यातून पंचमी जमिनी आल्या, सुमारे 12 लाख एकर. दलितांबाहेर त्या विकता येणार नाहीत, अशी अट होती. आज त्यांचा मोठा भाग इतरांच्या ताब्यात आहे. 1994 मध्ये त्या परत मागणाऱ्यांवर चेंगलपट्टूत पोलिसांनी गोळीबार केला. दोन दलित तरुण मेले. मातीची धूप मोजणाऱ्या किती अहवालांत ही जमीन येते?

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी कृषी अधिकारी होईल, कुणी संशोधक. प्रश्नावलीत आधी तीन रकाने घाला: जमीन कुणाच्या नावावर, कसतं कोण, काढून कोण घेऊ शकतं? बांधाचं नंतर विचारा. मार्गदर्शक म्हणतील, हे विषयाबाहेर आहे. तेव्हा हटू नका. ज्याला पुढच्या वर्षी त्याच शेतात उभं राहण्याची खात्री नाही, त्याला माती जपण्याचे धडे देणं हा निव्वळ उद्धटपणा आहे.

जय भीम.