उतरणीचा हिशेब

मार्गशीर्ष लागला कीं आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं एक प्रश्न निघतो. महाविद्यालयांत जाणारीं नातवंडें, मुलगे तसे मुलीहि, रात्रीं पानावर बसल्यावर हळूच सांगतात कीं, चार सोबत्यांबरोबर सांदण दरींत उतरावयास जावयाचें आहे. 'दरी' हा शब्द ऐकतांच आजीचा घास हातांतच राहतो, वडील 'आजोबांना विचारा' म्हणून मोकळे होतात, आणि निकाल देण्याचें काम घरांतील वृद्धावर येतें. सरसकट 'नको' म्हणणें सोपें आहे व 'जा' म्हणणें त्याहूनहि सोपें. दोहोंतहि विचार करावा लागत नाहीं.

आमच्या रत्नागिरीकडे सांदण म्हटलें कीं फणसाच्या रसाचें, तांदुळाच्या कण्यांचें वाफवलेलें पक्वान्न डोळ्यांपुढें येतें. ही सांदण दरी निराळी. दोन घरांच्या भिंतींमधील अरुंद बोळास आपण सांद म्हणतों, त्यावरूनच हें नांव पडलें असावें असें मला वाटतें. संस्कृतांत दरी म्हणजे गुहा. 'दॄ' म्हणजे फाडणें या धातूपासून तो शब्द झाला. मराठींत गुहेचा अर्थ गेला, तरी फाडल्याचा अर्थ या ठिकाणीं प्रत्यक्ष दिसतो.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यांत, भंडारदऱ्याच्या जलाशयापलीकडे, रतनगडाच्या शेजारीं साम्रद नांवाचें गांव आहे. गांवापासून थोडें चाललें कीं रानांत जमीन एकाएकीं फाटलेली दिसते. ही फट सुमारें २ किलोमीटर लांब आहे. दोन्ही बाजूंस काळ्या कातळाच्या भिंती २०० फुटांहून अधिक उंच, आणि मधली वाट कांहीं ठिकाणीं इतकी अरुंद कीं दोन्ही हात पसरले तर बोटें भिंतींस लागावीं. सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थरावर थर पसरून दख्खनचें पठार झालें. त्या कातळास गेलेली भेग पावसाच्या पाण्यानें युगानुयुगें घासून खोल केली. शेजारच्या रतनगडावर उगम पावणारी प्रवरा पूर्वेस जाऊन गोदावरीस मिळते. दरींत पडलेलें पाणी मात्र पश्चिमेस, कोकणांत कोसळतें.

दोन वर्षांपूर्वीं पौष महिन्यांत पुतण्याबरोबर मीं ही दरी पाहिली. आंत शिरल्यावर मोठमोठ्या शिळांवरून उतरावें लागतें. पुढें पाण्याचा डोह आडवा येतो. हिवाळ्यांतहि त्यांत गुडघ्यापासून कमरेपर्यंत पाणी असतें, आणि तें इतकें थंड कीं माघस्नानाचें पुण्य आपोआप पदरीं पडावें. दुपारचा थोडा वेळ सोडला तर तळाशीं ऊन पोंचत नाहीं. पुढें एक सरळ तुटलेला कडा येतो. तेथें दोराशिवाय उतरतां येत नाहीं. मी तेथून परतलों. बहुतेक लोक तेथूनच परततात, आणि त्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

पुढें जाणाऱ्यांची गोष्ट निराळी. दोर वर अडकवून दुहेरी सोडतात. सर्वजण खालीं आले कीं एक टोंक ओढून तो काढून घेतात, कारण पुढच्या कड्यास तोच लागतो. दोर खालीं आला त्या क्षणीं आल्या वाटेनें परत जाणें संपलें. यानंतर कोकणांत डेहण्याकडे उतरावें, अथवा करोली घाटाची उभी वाट चढून पुन्हां साम्रदास यावें. पाय मुरगळला, पाणी संपलें, अंधार पडला, तरी मार्ग हेच.

आम्हां कोकणांतील लोकांस याचें मर्म लवकर कळावें. घाटावर जाणारा कोकणी मनुष्य पहाटे ताज्या दमानें चढण चढत असे. दमला तर बसे. फारच दमला तर उलट फिरून उताराला लागे. डोंगर आपली किंमत आधीं मागून घेतो. दरी उधारीवर देते. उतरतांना दम लागत नाहीं, गप्पा रंगतात, आणि तळाशीं पोंचल्यावर, पाय थकले असतां व ऊन चढलें असतां, वसुली सुरू होते. शिवाय उतरणेंहि फुकट नसतें. उतरतांना मांडीचे स्नायु ताणले जात असतांनाच शरीराचा भार झेलीत असतात, त्यामुळें त्यांस सूक्ष्म इजा होते. तिचें दुखणें त्या दिवशीं कळत नाहीं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं वर येतें.

अमेरिकेंत मुलाबाळांकडे जाऊन आलेल्या कांहीं वाचकांनीं ॲरिझोना प्रांतांतील ग्रँड कॅनियन ही कोलोरॅडो नदीची प्रचंड दरी काठावरून पाहिली असेल. तिची खोली सुमारें १ मैल. दक्षिण काठावरून ब्राइट एंजल नांवाची वाट नदीपर्यंत सुमारें ४,४०० फूट उतरते. उन्हाळ्यांत काठावर हवा सुसह्य असते, पण तळाशीं पारा ४० अंशांपलीकडे जातो. म्हणजे जेथें चढण सुरू होते तेथेंच उष्मा सर्वांत अधिक. एका दिवसांत नदीपर्यंत जाऊन परत येऊं नका, आणि उतरावयास लागला त्याच्या दुप्पट वेळ चढावयास धरा, असें तेथील उद्यानाचे अधिकारी सांगतात. सांदण त्यामानानें चिमुकली; पण हिशेबाची रीत तीच.

उन्हाहूनहि मोठें भय पाण्याचें. १२ ऑगस्ट १९९७ रोजीं त्याच ॲरिझोनांत अँटिलोप कॅनियन नांवाच्या, सांदणसारख्याच अरुंद दरींत ११ प्रवासी लोंढ्यांत सांपडून मृत्यु पावले. ते उभे होते तेथें फारसा पाऊस नव्हता. तो कित्येक मैल दूर पडला होता. पसरट रानांत घोटाभर असणारें पाणी फटींत शिरलें कीं पुरुषभर होतें, आणि भिंतींवर चढावयास जागा नसते. सांदण दरींत पावसाळ्यांत पाऊल घालूं नये तें यासाठीं. वळिवाचें किंवा परतीच्या पावसाचें आभाळ दिसलें तरी तोच नियम.

आमच्या मांडवीशेजारीं भाट्याच्या खाडीनें काजळी नदी समुद्रास मिळते. सह्याद्रीवर मोठा पाऊस झाला कीं, येथें आकाश स्वच्छ असतांहि, खाडीचें पाणी गढूळ होऊन येतें. हें येथील पोरांसहि ठाऊक आहे. दर्यावर जाणारी मंडळी नारळी पौर्णिमा होईतों होडी लोटीत नाहींत. म्हणून त्यांस कोणी भित्रे म्हणत नाहीं, आणि समुद्राचा नाद सोडा असा उपदेशहि कोणी करीत नाहीं.

तेव्हां 'किती जण आहांत, जेवणाचें काय' एवढें विचारून थांबूं नये. ते प्रश्न लग्नाच्या वऱ्हाडास शोभतात. विचारावें तें असें: दोर कोणाचा, आणि बांधणारा कोण? साम्रदचा माहीतगार वाटाड्या बरोबर आहे काय? शेवटचा दोर खालीं ओढावयास किती वाजतील, आणि तेथून करोली घाट चढावयास उजेड किती उरेल? एकास पहिल्या कड्यापाशीं नको वाटलें, तर त्याच्याबरोबर परत कोण फिरेल? या शेवटच्या प्रश्नास उत्तर नसेल तर मंडळी कितीहि हुशार असोत, परवानगी देऊं नये. उत्तरें नीट मिळालीं तर मात्र आनंदानें पाठवावें, मुलींसहि, आणि मागाहून कुरकुरूं नये. दर घटकेस फोन करण्याचाहि खटाटोप नको. दरीच्या तळाशीं तो लागत नाहीं.

परत आल्यावर पहिल्या दिवशीं स्वारी फुशारकीनें बोलेल. तिसऱ्या दिवशीं माडीवरून उतरतांना कठडा धरून, पाऊल आडवें टाकीत येईल. त्या दिवशीं तेल कोमट करून ठेवावें व हात हलका असावा. पाय जोरानें रगडून काढण्याचा आजीचा आग्रह तेवढा चालूं देऊं नये.