खुलासा कोणाला?

ऑक्टोबर 2021. दिवाळीच्या तोंडावर दिल्लीच्या फॅबइंडियाने कपड्यांची जाहिरात केली, 'जश्न-ए-रिवाज'. सणाला उर्दू नाव का, म्हणून बहिष्काराची हाक उठली. कंपनीने जाहिरात काढली आणि खुलासा केला: हा दिवाळीचा माल नव्हेच, तो 'झिलमिल सी दिवाली' नावाने येईल. पण प्रकाशाच्या सणाचे स्वागत तर त्याच जाहिरातीत होते!

प्रसिद्धीचे सल्लागार याला संकट-व्यवस्थापन म्हणतात. मी शेपूट घालणे म्हणतो. 2019 मध्ये सर्फ एक्सेलच्या जाहिरातीत नमाजला निघालेल्या मुलाला होळीच्या रंगांपासून एक मुलगी वाचवते. तेव्हाही असाच गदारोळ झाला. त्यांनी जाहिरात काढली नाही. पावडर आजही घरोघर आहे.

बरे, रिवाज आपल्या आजीच्या तोंडचा शब्द. जाहिरात, खुलासा, माल हेही अरबीतून आलेले. ओरडणाऱ्यांना खुलासा मिळाला. आम्हीही गिऱ्हाईकच होतो, आम्हाला कोणी काही सांगितले नाही.