कोड कळतो, कारण कोण शिकवणार?

१ एप्रिल २०२० रोजी वाहनांच्या प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले, तेव्हा टाळेबंदीमुळे गॅरेजांची शटर खाली होती. ती उघडली तोवर नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला होता. त्याच वर्षी जानेवारीत बजाजची चेतक पुन्हा बाजारात आली होती, तीही विजेवर चालणारी. तिच्यात इंजिनच नाही. गाव-तालुक्यातल्या मेकॅनिकचे निम्मे ज्ञान असे काही महिन्यांत जुने व्हायला लागले.

हे ज्ञान कुठल्याच पुस्तकात नव्हते. पोऱ्या गॅरेजात यायचा, आधी पाने हातात द्यायचा, पेट्रोलमध्ये पार्ट धुवायचा. मग एखाद्या दिवशी उस्ताद प्लग काढून त्याच्यापुढे धरायचा. टोक काजळी धरून काळे असेल तर पेट्रोल जास्त जातेय, पांढरे पडले असेल तर कमी, तपकिरी असेल तर गाडी ठीक. शंभर प्लग पाहिल्यावर डोळा तयार व्हायचा; मिश्रणाचा स्क्रू किती फिरवायचा हे कान सांगायचा. या शिक्षणात मार खाणे होते, वर्षानुवर्षे बिनपगारी राबणे होते, त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण चूक आणि दुरुस्ती दोन्ही समोर दिसत होती, म्हणून शाळा सुटलेला मुलगाही कारागीर होत होता.

आता इंधनाचे प्रमाण सेन्सर आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, ठरवतात. स्कॅनर जोडला की पडद्यावर ‘पी ०३०१’ उमटते, म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. दोष प्लगमध्ये आहे, कॉइलमध्ये, इंजेक्टरमध्ये की कॉम्प्रेशनमध्ये, हे कोड सांगत नाही. तिथे विचाराची साखळी लागते, आणि ती नुसते शेजारी उभे राहून उचलता येत नाही. ज्याला कोणी शिकवले नाही, तो एकेक पार्ट बदलत बसतो. बिल गिऱ्हाईक भरते.

विजेच्या मोटारीत तर अंदाजाने हात घालणे जिवावर बेतू शकते. नारिंगी केबलांत शेकडो व्होल्टचा दाब असतो आणि पुरवठा तोडल्यावरही कपॅसिटरमध्ये काही मिनिटे भार उरतो. ‘करून बघ, चुकलास तर शिकशील’ ही गॅरेजातली जुनी पद्धत इथे चालणारच नाही.

मग शिकवायचे कोणी? कंपन्या आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या माणसांना शिकवतात. १९६१ च्या कायद्याखाली शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन आज तीस किंवा अधिक मनुष्यबळाच्या आस्थापनांवर आहे. दोन माणसांचे गॅरेज त्यात कुठेच बसत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे, हा त्यातला एक मुख्य ठपका. प्रकरण पुढे अपिलात गेले. २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या कक्षेत वाहनेही आहेत. ही चर्चा बहुतेक वेळा ग्राहकाच्या खिशापाशी थांबते. ती मेकॅनिकच्या शिक्षणाचीही आहे, कारण ज्याला सर्व्हिस मॅन्युअल आणि स्कॅनरचे सॉफ्टवेअर मिळत नाही, त्याला शिकण्याचे दारच बंद आहे.

तोवर हा माणूस रात्री यूट्यूबवर हिंदी व्हिडिओ पाहतो, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर कोडचा फोटो टाकून विचारतो. त्याची जिद्द खरी आहे, पण हाय व्होल्टेजचे काम मोबाइलच्या पडद्यावरून शिकू नये. आयटीआयच्या कार्यशाळा जवळपास आहेत. त्या संध्याकाळी या लोकांसाठी उघडाव्यात, कंपन्यांनी तिथे मराठीतली मॅन्युअल आणि चालू गाड्या द्याव्यात. आणि दिवसाचे वर्ग असतील तर गॅरेज बंद ठेवल्याची भरपाई त्या योजनेतच धरावी. रोजच्या कमाईवर घर चालवणारा माणूस नुसत्या प्रमाणपत्रासाठी आठवडाभर शटर ओढणार नाही.