शिरगणतीचे अरण्य

सिंहस्थासाठी येणाऱ्या साधूंच्या निवाऱ्याकरिता तपोवनातील अठराशेच्या आसपास झाडे हटविण्याची तजवीज नाशिक महापालिकेच्या दप्तरातून बाहेर पडली, तेव्हा नागरिकांनी केलेला गहजब सर्वथा योग्यच होता. परंतु त्या गहजबाला मिळालेले उत्तर आम्हांस मूळ तजविजीहूनही संतापजनक वाटते. जितकी तोडू त्याच्या कितीतरी पट लावू, असे ते उत्तर! जणू वृक्ष म्हणजे बंदा रुपया. मोडला की हवी तितकी चिल्लर हाती यावी.

या शिरगणतीच्या हिशेबाने आमच्या वणी-दिंडोरीकडे निसर्गाची भरभराटच झाली म्हणावयाची. डोंगरउतारांवर घाणेरी माजली, पडीक रानांत गाजरगवत फोफावले, नदीपात्रात जलपर्णी पसरली, द्राक्षबागांनी माळ झाकले. हिरवेपणात तूट कोठे आहे? तूट आहे ती जातींची. घाणेरी, गाजरगवत आणि जलपर्णी ही तिन्ही अमेरिकेकडून आलेली आणि कोठेही सारखीच उगवणारी; पण ज्याला अंजनेरी डोंगरावरूनच शास्त्रीय नाव मिळाले ते कंदीलपुष्प तेथून नाहीसे झाले, तर ते कोणत्या रोपवाटिकेतून मागविणार? गिधाडांवर तर जनावरांच्या डायक्लोफेनॅकने संक्रांत आणली. 2006 साली त्या औषधावर बंदी आली, तरी पूर्वीचे थवे परतले नाहीत, कारण गिधाडाची मादी वर्षाकाठी एकच अंडे घालते. तिच्यावर ‘कितीतरी पटी’चा हुकूम कोण बजावणार?

मनुष्याच्या हातून केवळ नाशच होतो, असे आमचे म्हणणे नाही. आमच्या दिंडोरीतून वाहत जाणारी कादवा जेथे गोदावरीला मिळते, तेथे इंग्रजी अमदानीत पाटाच्या पाण्यासाठी बंधारा घातला गेला. त्यामागे गाळ साचला, बेटे झाली, पाणवनस्पती रुजल्या आणि नांदूर-मध्यमेश्वरचे ते पक्षितीर्थ सिद्ध झाले, जे पुढे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. परंतु त्यासाठी गाळाला शतकभर बसावे लागले. सिंहस्थाच्या मुदतीत उरकण्याचे ते काम नव्हते.

तपोवनात झुडपेच पुष्कळ आहेत, असे सांगणाऱ्यांनी बाभळीवरची सुगरणीची घरटी एकदा पाहावीत. साधूंच्या राहुट्या झाडे राखून उभारता येत नाहीत, हे आम्हांस मान्य नाही. महापालिकेने प्रत्येक झाडाची जात, अंदाजे वय आणि त्यावरील घरटी यांची यादी चावडीवर लावावी, आणि तोवर कुऱ्हाड कोठीत राहू द्यावी.