जक्कयाने चौपट परत केले, तुम्ही काय करणार?

वसईतल्या ख्रिस्ती मित्रांशी जातीवर बोलायला बसलो की गाडी ठरलेल्या स्टेशनावरच येते: देवाची कृपा सर्वांवर आहे, झाले ते झाले, क्षमा करा. आम्ही विचारतो, क्षमा करायची कोणी? ज्याने सोसले त्याने, की त्याला न विचारता देवाने परस्पर?

कृपेशी आमचे भांडण नाही. कृपेच्या नावाखाली हिशेबाची वही बंद करण्याशी आहे. ते ख्रिस्ती धर्मालाही मान्य नाही. लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय हा जकातदारांचा मुख्य. येशू न बोलावता त्याच्या घरी उतरला, ही कृपा. पण मग जक्कय उठला, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट द्यायला तयार झाला. तारणाची घोषणा त्यानंतरची आहे. कॅथलिक शिकवणही हेच सांगते: पापनिवेदनाने पापाची क्षमा मिळते, चोरलेले परत करण्यातून सुटका मिळत नाही.

मग जातीच्या पापालाच सूट का? वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली, बाप्तिस्मे झाले, तरी ‘आम्ही मूळचे ब्राह्मण’ असे छाती फुगवून सांगणारे आजही भेटतात. (आमच्यातही पोटजात बघून सोयरीक जुळते, त्यावरही आम्ही गप्प बसत नाही.) भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ च्या दलित सक्षमीकरण धोरणात चर्चमधला जातिभेद कबूल केला. कबुली झाली. परतफेड?

बाबासाहेबांनी धर्मांतरित ख्रिश्चनांच्या स्थितीवर लिहिताना हे दुखणे नेमके पकडले होते. तुझे पतन तुझ्याच पापामुळे, असे ज्याच्या मनावर बिंबवले, तो व्यवस्थेशी लढेल कशाला?

वसईच्या चर्चला लढता येत नाही असेही नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीतून उभे राहिले तेव्हा ‘बिल्डरांना क्षमा करा’ म्हणून घरी बसले नाहीत, लोकांना घेऊन रस्त्यावर उतरले. जमिनीसाठी हिशेब आणि जातीसाठी कृपा, ही वाटणी कोणी केली?

१९५० च्या आदेशातली धर्माची अट काढून दलित ख्रिश्चनांना अनुसूचित जातीचा दर्जा द्या, या मागणीत आम्ही चर्चसोबत आहोत. पण सरकारकडे हिशेब मागणाऱ्याने घरचाही मांडावा. २०१६ चे ते धोरण वसईच्या प्रत्येक धर्मग्रामात रविवारच्या मिस्सानंतर मराठीतून वाचा, आणि आपल्या शाळा-महाविद्यालयांतल्या नेमणुकांचा जातवार तक्ता चर्चच्या दारावर लावा.