‘महाराष्ट्रात फुटबॉल नव्हताच’ : एका विसरलेल्या हंगामाची बाजू

१/ ८ ऑगस्ट १८०३ रोजी नगरच्या पेठेच्या तटाला शिड्या लावणाऱ्या वेलस्लीच्या फौजेत ७८ वी हायलंडर्स ही स्कॉटिश पलटण होती आणि १२ ऑगस्टला किल्लाही पडला, हे इथल्या इतिहासप्रेमींना तोंडपाठ असते. आमच्या केडगावातील फुटबॉलवेड्या मुलांना याहून वेगळे स्कॉटलंड पाठ आहे. सेल्टिकने १९६६-६७ च्या एकाच हंगामात लीग, स्कॉटिश चषक, लीग चषक आणि युरोपियन चषक जिंकला, एवढेच नव्हे तर लिस्बनच्या अंतिम सामन्यातले अकराही खेळाडू ग्लासगोच्या तीस मैलांच्या परिघात जन्मलेले होते, हे ती सहज सांगतात. कौतुकच आहे.

२/ मग त्यांना विचारावे की महाराष्ट्रातल्या एखाद्या क्लबाचा असा हंगाम सांगा. उत्तर ठरलेले असते : ‘महाराष्ट्रात फुटबॉल नव्हताच, आपले खेळ क्रिकेट आणि कबड्डी.’ हे वाक्य इतिहासाच्या धाग्यांखालीही वारंवार लिहिले जाते आणि कोणी खोडत नाही. ते असत्य आहे.

३/ २००५-०६ चा हंगाम घ्या. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात स्पोर्टिंग क्लब द गोवा संघास हरविले आणि त्याच हंगामात ईस्ट बंगालला मागे टाकून राष्ट्रीय फुटबॉल लीगही जिंकली. लीग आणि चषक, दोन्ही एका हंगामात. प्रशिक्षक होते गोमंतकीय डेरिक परेरा. आघाडीला ब्राझीलचा होझे बरेटो आणि घानाचा युसिफ याकुबू. बगलेवरून चेंडू पुरविणारा स्टीव्हन डायस.

राष्ट्रीय लीग १९९६-९७ पासून २००६-०७ पर्यंत अकरा हंगाम चालली. उरलेली दहा विजेतेपदे कोलकाता, गोवा आणि पंजाब यांच्यात वाटली गेली. महाराष्ट्राच्या वाट्याला आले ते हे एकच. पुढे २००७ मध्ये हाच संघ एएफसी चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला.

४/ यावर आक्षेप येतो की गोल करणारे परदेशी, प्रशिक्षक गोव्याचे, मालक एक कंपनी. यात महाराष्ट्राचे काय? हा निकष लावायचा तर मुंबईच्या गिरण्या, गोदी आणि चित्रपटसृष्टीही महाराष्ट्राच्या इतिहासातून वगळाव्या लागतील. मलिक अंबर हबशी होता, म्हणून नगरच्या इतिहासातून त्याला कोणी बाहेर काढले आहे काय?

५/ आणि हा हंगाम आकाशातून पडला नव्हता. रोव्हर्स चषक मुंबईत १८९१ साली सुरू झाला. आरंभीची कित्येक दशके तो गोऱ्या पलटणींचीच मक्तेदारी होता. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सने तो प्रथमच भारतीय संघासाठी जिंकला. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे तो हैदराबाद सिटी पोलिसांकडे गेला आणि १९५८ मध्ये मुंबईच्या कॅलटेक्सकडे आला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा मुंबईत टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळे. कूपरेजच्या मैदानावर हे सारे घडत असताना ‘फुटबॉल नव्हता’ म्हणणाऱ्यांचे आजोबा कदाचित तिथेच प्रेक्षकांत उभे असतील.

६/ मग हे सारे पुसले का गेले? मराठी माणसाला फुटबॉलचे प्रेम नाही, हे आळशी उत्तर कोल्हापूरपुढे टिकत नाही. तिथे पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा या तालमींचे संघ आहेत; कुस्तीच्या आखाड्याशेजारीच फुटबॉल वाढला. शाहू स्टेडियम आजही भरते, पेठांची ईर्ष्या आजही तीच आहे आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव याच शहरातला.

माझे म्हणणे असे की मुंबईचे क्लब खेळाच्या अभावाने मेले नाहीत. ते पेठेच्या नव्हे, कंपनीच्या खतावणीत जगत होते म्हणून मेले. खर्चाच्या रकान्यावर रेघ ओढली की क्लब संपला. लीग जिंकल्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, २०१० मध्ये, महिंद्र युनायटेड बंद झाला. परेरांनी पुढे पुणे एफसीला २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकावर नेले. काही वर्षांत तोही क्लब राहिला नाही. मुंबई एफसीही गेला. मुंबई सिटीने अलीकडे आयएसएल जिंकली, हे खरे. पण तिच्या चाहत्यांपैकी किती जणांना आपल्या शहराचा आधीचा विजेता ठाऊक आहे?

७/ इथे पुन्हा स्कॉटलंडकडे पाहावे, पण सेल्टिककडे नव्हे. २०१२ मध्ये त्यांच्या कट्टर प्रतिस्पर्धी रेंजर्सची कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि संघाला चौथ्या स्तरावरून आरंभ करावा लागला. त्या २०१२-१३ च्या हंगामात त्यांनी थर्ड डिव्हिजन जिंकली. चषकांत मात्र इन्व्हरनेस आणि डंडी युनायटेड या दोघांकडून प्रत्येकी ३-० असा मार खाल्ला. पण ईस्ट स्टर्लिंगशरसारख्या लहान संघाविरुद्धच्या पहिल्या घरच्या लीग सामन्याला ४९ हजारांहून अधिक लोक आले! हा तोच क्लब की नवा, यावर तिथे अजून भांडणे होतात. होऊ द्या; भांडायला माणसे आहेत. महिंद्र युनायटेड बंद झाला तेव्हा आपल्याकडे असे किती जण भांडले?

८/ कंपनीला दोष देणे सोपे आहे. तिने निदान अनेक दशके संघ चालविला. माझा रोख आपल्यावर, इतिहासाचा अभिमान मिरविणाऱ्यांवर आहे. एखाद्या गढीच्या ढासळलेल्या बुरुजावर आपण वीस भागांचा धागा लिहितो. वीसच वर्षांपूर्वीच्या राष्ट्रीय विजेत्यावर मराठीत सलग एक प्रकरण लिहावे, असे आपल्याला वाटत नाही. साधने तर हाताशी आहेत : वृत्तपत्रांची क्रीडापाने ग्रंथालयांच्या फायलींत आहेत, त्या संघाचे खेळाडू हयात आहेत, कूपरेज जागेवर आहे. पाचशे वर्षांपूर्वीच्या फारसी कागदासाठी आपण झुरतो आणि फोनवर बोलू शकणाऱ्या साक्षीदाराला एक प्रश्न विचारीत नाही.

९/ ज्यांच्या घरी कूपरेजचे जुने तिकीट, रोव्हर्स चषकाची सामनापत्रिका किंवा २००५-०६ ची कात्रणे असतील, त्यांनी खाली छायाचित्र जोडावे; तारीख आणि वृत्तपत्राचे नाव दिसेल असे. कोल्हापूरकरांनी तालमींचे जुने गटफोटो टाकावेत, मागच्या रांगेतल्या नावांसकट. पुढचा धागा रोव्हर्स चषकातल्या पलटणींवर.